हातकरवतीने सरळ, स्वच्छ काप: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरोघरी लाकूडकामाची ओढ असलेलं कुणी ना कुणी असतं. माळ्यावर आजोबांची करवत असते, जुन्या दाराच्या फळ्या पडवीत उभ्या असतात, चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची चौकट आपल्याच हाताने करावी असं मनात असतं. पण पहिलाच काप वाकडा जातो, फळीची कड फाटते आणि करवत परत माळ्यावर जाते. त्या सगळ्यांसाठी हे पान आहे. उत्तरं हातकरवतीबद्दल आहेत. विजेच्या यंत्रांचा विषय थोडक्यात आला आहे.

काप सरळ येणार की वाकडा, हे आखणीत, उभं राहण्यात आणि करवतीच्या पहिल्या चार हातांत ठरतं. एकदा खाच नीट पडली की करवत त्याच वाटेने जाते, आणि खाच चुकीची पडली की पुढे कितीही जोर केला तरी ती वळत नाही. म्हणून या तीन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

माझा काप दर वेळी एकाच बाजूला जातो. हाताचाच दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष उभं राहण्यात असतो, कधी कधी करवतीत. कशात आहे ते शोधायची सोपी रीत आहे. एकाच फळीवर दोन वेगवेगळ्या करवतींनी चार-चार काप घ्या. दोन्ही करवती एकाच बाजूला गेल्या तर कारण तुमच्या अंगात आहे: कोपर बाहेर निघतंय किंवा डोकं एका बाजूला झुकतंय. एकच करवत भरकटत असेल तर तिच्या दातांकडे बघा.

करवतीचे दात आलटून-पालटून डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. याला सेट म्हणतात. सेटमुळे खाच पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं मोकळं फिरतं. ज्या बाजूचा सेट जास्त, त्या बाजूला करवत ओढली जाते. अशा वेळी पातं टेबलावर सपाट ठेवून त्या बाजूच्या दातांवरून ऑइलस्टोन (धार लावायचा दगड) अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवायचा, मग एक काप घेऊन बघायचा. फरक पडला नाही तरच पुन्हा एकदा. घाईने चार-पाच वेळा फिरवलात तर सेटच निघून जाईल आणि करवत लाकडात अडकू लागेल.

पहिली करवत कोणती घ्यावी?

माझं मत विचाराल तर पाठीची छोटी करवत. म्हणजे जिच्या पात्याच्या वरच्या कडेला पितळेची किंवा लोखंडाची जाड पट्टी असते ती. त्या पट्टीमुळे पातं वाकत नाही, आणि पातं वाकलं नाही तर नवशिक्याची निम्मी काळजी मिटते. २५० ते ३०० मिलिमीटर लांबीची, एका इंचात १२ ते १४ दात असलेली घ्या. मोठ्या फळ्या कापायची वेळ आली की ७-८ दातांची लांब करवत घेता येईल.

हल्ली जपानी करवतीही मिळतात. आपली करवत ढकलताना कापते, त्यांची ओढताना. ओढताना पातं ताणलेलं राहतं, त्यामुळे ते खूप पातळ ठेवता येतं आणि खाच अरुंद पडते. ‘रयोबा’ नावाच्या प्रकारात एका कडेला उभ्या कापाचे आणि दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे दात असतात. पुष्कळ नवशिक्यांना ती लवकर जमते. पण पातं नाजूक असतं. कापता कापता पिळलं की दात तुटतात. माट्टीसारख्या टणक लाकडावर ती जपून वापरावी.

दुकानात करवत हातात घेतल्यावर डोळ्यासमोर धरून दातांच्या ओळीवरून नजर टाका, बंदुकीचा नेम धरतात तशी. ओळ वाकडी दिसली तर ठेवून द्या. दातांची टोकं निळसर काळी असतील तर ते दात कडक केलेले असतात. बोथट झाल्यावर त्यांना कानस लागत नाही. सरावाला अशी करवत वाईट नाही, पण आयुष्यभर वापरायची म्हणून ती घेऊ नका.

उभा काप आणि आडवा काप यांत फरक काय?

लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने चिरताना दात छोट्या पटाशीसारखे (लाकूड तासायच्या छिन्नीसारखे) काम करतात, तंतू उचलून काढतात. रेषा आडवी छेदताना दात चाकूसारखे लागतात, कारण आधी तंतू दोन्ही बाजूंनी तुटायला हवे. उभ्या कापाच्या दातांनी आडवं कापलं तर कड खरबरीत होते. आडव्या कापाच्या दातांनी चिरायला गेलात तर तासभर घाम गाळूनही काप पुढे सरकत नाही. बारीक दातांच्या छोट्या करवतीत हा फरक कमी जाणवतो, म्हणूनही पहिली करवत छोटी असावी.

मोठ्या करवतीने आडवं कापताना पातं लाकडाशी साधारण ४५ अंशात आणि चिरताना ६० अंशाच्या आसपास धरतात.

आखणी पेन्सिलने करावी की चाकूने?

चौकटीसाठी, कुसूसाठी (खाचेत बसवायच्या जिभेसाठी), जिथे दोन तुकडे एकमेकांना भिडणार आहेत तिथे चाकूनेच. पेन्सिलची रेघ जवळून बघितली तर अर्धा मिलिमीटर जाड भरते, आणि त्या जाडीत नेमकं कुठे कापायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. चाकूची रेघ म्हणजे लाकडात पडलेली खाच. वरचे तंतू आधीच तुटलेले असतात, म्हणून कड फाटत नाही.

रीत अशी. आधी फळीची एक बाजू आणि एक कड निवडा, त्यांवर खूण करा आणि गुण्या (काटकोन आखायचं साधन) कायम तिथूनच लावा. गुण्याचं पातं घट्ट धरून पहिली रेघ अगदी हलकी ओढा. दुसरी थोडी दाबून, तिसरी खोल. पहिल्याच रेघेत जोर केला तर चाकू लाकडाच्या रेषेमागे पळतो. मग रेघ चारही बाजूंनी फिरवा. चौथ्या बाजूची रेघ पहिल्या रेघेला नेमकी मिळाली तर आखणी गुण्यात आहे. मिळाली नाही तर आधी गुण्या तपासा: फळीच्या सरळ कडेवर लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन्ही एकावर एक पडायला हव्यात.

आता जो भाग टाकायचा आहे त्यावर ठळक फुली मारा, आणि फुलीच्या बाजूने पटाशीने रेघेला लागून एक बारीकशी तिरकी साल काढा. रेघेच्या एका बाजूला उभी भिंत आणि दुसरीकडे छोटा उतार तयार होतो. करवतीचे दात त्या भिंतीला टेकून आपोआप जागेवर बसतात. या साध्या गोष्टीने नवशिक्याचा काप जितका सुधारतो तितका महागड्या करवतीने सुधारत नाही.

रेघेवर कापायचं की रेघेच्या बाजूला?

फुलीच्या बाजूला, रेघेला चिकटून. करवतीच्या खाचेलाही जाडी असते. रेघेवरच करवत ठेवलीत तर तुकडा तेवढा आखूड होतो. कापल्यावर चाकूच्या रेघेची अर्धी खाच तुमच्या तुकड्याच्या कडेवर दिसली पाहिजे.

सुरुवात करतानाच करवत उड्या मारते आणि फळीवर ओरखडे पडतात. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर वाचून झाल्यावर लगेच उठून करून बघण्यासारखं आहे.

करवत उड्या मारते कारण तिचं सगळं वजन दोन-तीन दातांवर येतं आणि ते दात लाकडात रुतून बसतात. म्हणून सुरुवातीला करवतीचं वजन लाकडावर टाकायचंच नाही, ते आपल्या हातावर पेलायचं. दात लाकडाला टेकलेले आहेत इतकंच जाणवलं पाहिजे.

मूठ सैल धरा. तीन बोटं मुठीवर, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ पुढे. तर्जनी पुढे ठेवली की मनगट पिळलं जात नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं पेर रेघेजवळ टेकवा आणि पात्याची सपाट बाजू त्याला लावून ठेवा. अंगठा दातांच्या वर राहील याकडे लक्ष द्या. करवतीचा पुढचा भाग फळीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर ठेवा, मूठ जरा वर. आता श्वास सोडत हलका, लांब हात पुढे. मोठ्या दातांची करवत असेल तर आधी एक-दोन वेळा उलट, स्वतःकडे ओढून खूण पाडा.

कोपऱ्यावर छोटी खाच पडली की प्रत्येक हाताबरोबर मूठ थोडी थोडी खाली आणा. खाच पलीकडून तुमच्याकडे वरच्या रेघेवरून सरकत येईल. पूर्ण रेघेवर दोन मिलिमीटरची खाच झाली की थांबा आणि वाकून बघा. इथे काही चुकलं असेल तर अजून दुरुस्त करता येतं, दहा मिलिमीटर खोल गेल्यावर नाही. नीट असेल तर आता पेललेलं वजन सोडून द्या, करवतीला तिच्या वजनाने कापू द्या आणि पात्याची पूर्ण लांबी वापरा. आखूड, घाईचे हात मारले की मधलेच दात झिजतात आणि काप थरथरतो.

उभं कसं राहावं?

मनगट, कोपर, खांदा आणि करवत एका रेषेत, आणि हात मागेपुढे जाताना बरगड्यांना घासल्यासारखा जवळून. फळीच्या अगदी समोर उभं राहिलात तर पोट मध्ये येतं आणि कोपर बाहेर जातं. म्हणून जरा तिरकं उभं राहा, एक पाय पुढे, आणि डोकं असं ठेवा की पात्याच्या दोन्ही बाजू दिसतील.

आपल्याकडचे जुने मेस्त, म्हणजे सुतार, जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून इतकं नेटकं कापतात की बघत राहावं. तो पुष्कळ वर्षांचा सराव आहे. नवशिक्याने पाय करवतीजवळ आणू नये. गुडघ्याएवढ्या उंचीचं भक्कम स्टूल आणि दोन सी क्लॅम्प (लाकूड घट्ट आवळून धरायचे शिकंजे) असले तरी काम होतं. छोट्या तुकड्यांसाठी बेंचहुक करून घ्या: प्लायच्या तुकड्याच्या एका टोकाला वरून एक पट्टी आणि दुसऱ्या टोकाला खालून एक पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं.

लाकूड हललं तर जगातला कुठलाही कारागीर सरळ कापू शकत नाही. फळी डुगडुगत असेल तर करवत खाली ठेवा आणि आधी तिचा बंदोबस्त करा.

वरून सरळ दिसतं, पण खाली काप तिरका जातो. का?

कारण तुम्ही एकच रेघ बघत होता. आडवी खाच पडली की करवतीची मूठ किंचित खाली करून वरची आणि तुमच्याकडची उभी, अशा दोन रेघा एकाच वेळी बघत कोपऱ्यातून कापत या. तुमच्याकडची रेघ खालपर्यंत झाली की फळी उलटी फिरवा आणि पलीकडच्या बाजूनेही तसंच करा. आता मध्ये एक त्रिकोण उरतो. तो कापताना करवतीला दोन्ही बाजूंनी तयार खाच मिळते, तिला भरकटायला जागाच नसते.

आणखी एक युक्ती आहे. चकचकीत पात्यात फळीचं प्रतिबिंब दिसतं. पातं काटकोनात असेल तर फळीची कड आणि तिचं प्रतिबिंब एकाच सरळ रेषेत दिसतं. पातं जरा कललं की तिथे कोन दिसू लागतो. काप सुरू करण्याआधी एक क्षण हे बघायची सवय लावून घ्या.

काप संपताना खालून कपच्या निघतात. प्लायला तर फारच.

शेवटचे चार-पाच हात अगदी हलके मारा आणि लोंबणारा तुकडा दुसऱ्या हाताने धरा. तो आपल्या वजनाने मोडला की सोबत तंतू घेऊन जातो. फळीखाली एखादा टाकाऊ तुकडा घट्ट लावून दोन्ही एकदम कापले तर खालच्या तंतूंना आधार मिळतो.

प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, म्हणून रेघ दोन्ही बाजूंनी चाकूने कापायची, वर मास्किंग टेप लावली तर आणखी चांगलं. ढकलून कापायच्या करवतीत कपच्या खालच्या बाजूला निघतात, म्हणून चांगली बाजू वर. विजेची जिगसॉ किंवा हातातली सर्क्युलर सॉ वापरत असाल तर नेमकं उलट: त्यांचे दात वरच्या दिशेने कापतात, म्हणून चांगली बाजू खाली.

करवत मध्येच अडकते. तेल घालू का?

लाकडावर तेल नको, डाग पडतो आणि नंतर पॉलिश धरत नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा. लांब फळी चिरताना खाच मागून मिटत असेल तर तिथे छोटी पाचर ठोका. लाकडात दडलेला ताण मोकळा होतो तेव्हा दोन्ही भाग एकमेकांकडे झुकतात आणि पातं चिमटीत धरतात. पाचरीने वाट उघडी राहते. लाकूड ओलं असलं तरी हेच होतं.

सरावाला कोणतं लाकूड घ्यावं?

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त असतं, मऊ असतं, चूक लगेच दाखवतं. सिल्व्हर ओक आणि आंबाही चालतो. सागवान कापायला सुंदर, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथट होतात; सरावात ते वाया घालवू नये. गोव्याचा राज्यवृक्ष असलेली माट्टी टणक आणि जड, ती हात बसल्यावर. फणसाचं लाकूड मला फार आवडतं. कापताना पिवळाधमक भुसा पडतो आणि घामाच्या हातांना पिवळा रंग लागतो. याच लाकडापासून काढलेल्या रंगात बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवली जात. गाठी टाळून घेतलात तर फणस नवशिक्यालाही साथ देतो.

जुन्या घराचं लाकूड किंवा वादळात पडलेला फणस वापरता येईल का?

जुन्या घरांचे वासे आणि चौकटी म्हणजे वर्षानुवर्षं वाळलेलं उत्तम लाकूड. फक्त आत खिळे असतात. कापण्याआधी लोहचुंबक सगळीकडे फिरवा. एक लपलेला खिळा करवतीचे दात क्षणात बोथट करतो.

पडलेल्या फणसाच्या फळ्या पाडून घेतल्या की दोन्ही टोकांना लगेच रंग किंवा मेण लावा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत रचा. २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशोब धरतात. उभं झाड तोडायचं असेल तर गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ खाली वन खात्याची परवानगी लागते. आपल्या अंगणातलं असलं तरी.

पावसाळ्यात लाकूडकाम करावं का?

जरूर करावं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची कामं तशीही थांबतात, आणि हातकरवतीला वीज लागत नाही. मात्र लाकडाचा स्वभाव समजून घ्या. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्के राहिली तर तो हळूहळू १८ टक्क्यांकडे जातो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. ५० मिलिमीटरची सागवानी पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. म्हणून आषाढात घट्ट बसवलेला सांधा मार्चमध्ये सैल वाटला तर तो तुमचा काप चुकल्यामुळे असेलच असं नाही.

करवतीला गंज धरू नये म्हणून काम झाल्यावर भुसा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाने ओलावलेलं फडकं पात्यावरून फिरवा. समुद्राकाठच्या गावांत हे रोज करावं लागतं. ओल्या भिंतीवर करवत टांगू नका.

आजोबांची गंजलेली करवत कामाला येईल का?

बहुतेक येईल, आणि आजच्या पुष्कळ करवतींपेक्षा तिचं पोलाद चांगलं निघण्याची शक्यता आहे. पातं सरळ असेल आणि दातांच्या कडेला गंजाने खड्डे पाडले नसतील तर रॉकेल लावून बारीक पॉलिश पेपरने घासा. मूठ फुटली असेल तर नवी करता येते.

धार लावण्यासाठी पातं दोन लाकडी पट्ट्यांत धरा, फक्त दात वर राहतील असं. आधी सपाट कानस दातांच्या माथ्यावरून लांबवर फिरवून सगळे दात एका उंचीत आणा. आता उजेडाकडे तोंड करून बघा: प्रत्येक दाताच्या टोकावर एक चकाकणारा ठिपका दिसेल. बोथट टोक चमकतं, धारदार टोक चमकत नाही. त्रिकोणी कानस दोन दातांच्या मध्ये नीट बसवून पुढच्या दिशेनेच चालवा, प्रत्येक खाचेत सारखेच हात, आणि ठिपका नाहीसा झाला की थांबा. उभ्या कापाच्या दातांना कानस पात्याला काटकोनात चालते, ते सोपं. पहिल्यांदा धार लावताना तशीच लावा.

ताकद कमी आहे, वयही झालंय. जमेल का?

जमेल. करवत चालवायला ताकद लागते असं वाटतं, कारण बोथट करवतीला खरंच लागते. धारदार करवतीला दाबायचं नसतं, आणि जोर करणाऱ्यांचे काप जास्त वाकडे जातात. निवृत्तीनंतर सुरू केलेल्यांकडे एक मोठी गोष्ट असते: त्यांना घाई नसते. आखणीला वेळ देणारा माणूस लवकर सुधारतो, त्याचं वय काहीही असो.

सराव कसा करावा? आणि मन खट्टू झालं तर?

वस्तू बनवायची म्हणून कापू नका. कापायचं म्हणून कापा. एक फळी घ्या, पाच-पाच मिलिमीटरवर दहा रेघा चारही बाजूंनी आखा आणि एकामागून एक पातळ चकत्या काढा. प्रत्येक चकतीला गुण्या लावा, कुठे किती तिरकी आहे ते तिच्यावरच पेन्सिलने लिहा, तारीख टाका. फेकू नका. एका डब्यात ठेवा.

पहिल्या चकत्या वाकड्या असतील. सगळ्यांच्याच असतात; ज्यांच्या हातचं कपाट बघून तुम्हाला हे शिकावंसं वाटलं, त्यांच्याही होत्या. मन खट्टू होतं ते बहुधा आपला काप पंचवीस वर्षं काम केलेल्या मेस्तांच्या कापाशी ताडून बघितल्यामुळे. तुमच्या आजच्या चकतीशेजारी मागच्या महिन्यातली चकती ठेवा, बाकी कुणाची नको. आणि थकल्यावर थांबा. दमलेला हात चुकीची सवय फार पटकन उचलतो. रोजची पंधरा मिनिटं रविवारच्या चार तासांपेक्षा जास्त देऊन जातात.

वाकडा काप वाचवता येतो का?

पुष्कळदा येतो. रेघेच्या बाहेर थोडं लाकूड शिल्लक असेल तर शूटिंग बोर्डवर (लाकूड आणि रंधा काटकोनात धरणाऱ्या पाटावर) रंधा मारून काटकोनात आणा, किंवा चाकूच्या रेघेत पटाशी ठेवून उभी छाटा. रेघेच्या आत गेला असेल तर तो तुकडा आखूड मापाच्या भागासाठी ठेवा. कापतानाच वाकडं जातंय असं दिसलं तर पातं पिळून वळवायला जाऊ नका; थोडं मागे या, आणि जिथपर्यंत काप नीट होता तिथून हलक्या हाताने पुन्हा सुरू करा.

नाकाला फडकं बांधलं तर पुरे का?

पुरत नाही. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. हातकरवतीचा भुसा जाडसर आणि कमी असतो, तरी बंद खोलीत एन-९५ मास्क वापरा. पॉलिश पेपर मारताना तर नक्कीच.

पहिलं खरं काम कोणतं घ्यावं?

माटोळीची चौकट. सरळ पट्ट्या, काटकोनातले छेद, एकच सांधा पुन्हा पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांना तिचं कौतुक. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींत अर्ध्या जाडीची खाच घ्यायची. खाचेची रुंदी टेपने मोजू नका. जी पट्टी बसणार आहे तीच वर ठेवून दोन्ही बाजूंनी चाकूने रेघ मारा. खोलीसाठी मार्किंग गेज (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारं साधन) दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या तोंडावरून चालवा. मग माप एखाद्या केसाने चुकलं तरी दोन्ही पट्ट्या वरून सपाट बसतात. दोन रेघांच्या आतून करवतीने खाली उतरा, मध्ये आणखी दोन-तीन काप घ्या आणि उरलेलं पटाशीने उडवा. पट्ट्या एप्रिल-मेमध्ये करत असाल तर खाच किंचित सैल ठेवा. भाद्रपदापर्यंत लाकूड फुगून ती घट्ट होते.

वजनाचा विचार मात्र करा. नारळ, केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, तवशी, तोरिंगं असं सगळं मिळून भार बराच होतो. पट्टीची जाडी निम्मी झाली की त्या जागी वाकण्याला तोंड द्यायची ताकद चौथाईवर येते. म्हणून जी पट्टी मुख्य भार घेणार तिला खाच वरच्या बाजूने द्या आणि त्यात दुसरी पट्टी घट्ट बसू द्या. चौकट टांगायच्या दोऱ्या सांध्यांच्या जवळ बांधा, आणि जड घड दोरीच्या शेजारीच टांगा.

गावातल्या मेस्तांना विचारलं तर सांगतील का?

सांगतात, आणि आनंदाने. फक्त मोकळ्या हाताने आणि कामाच्या ऐन वेळी जाऊ नका. दुपारच्या चहाच्या सुमारास जा, सोबत तुमच्या दोन चकत्या आणि तुमची करवत न्या. ‘शिकवा’ म्हणण्यापेक्षा ‘हा काप इथे का वाकला ते बघाल का?’ असं विचारा. ते आधी चकती बघतील, मग करवत उजेडाला धरून दात बघतील. तेव्हा त्यांना एकच विनंती करा: धार लावताना मला शेजारी बसू द्या. कानस किती दाबायची आणि तिचा आवाज कसा यायला हवा, हे शेजारी बसून ऐकल्याशिवाय पुरतं कळत नाही.